दाराची सुपारी

अंजनाचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा खोलीत चौदा बाया होत्या आणि एक कोंबडी.

बाया अंजनानंच मोजल्या होत्या. कळा येत असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि आढ्याची लाकडं मोजून झाली होती. चौदा जणींची मिळून मतं सोळा होती, कारण दोघींची मधेच बदलली. एक म्हणे जोर कर, दुसरी म्हणे आताच केलास तर बघ, तिसरी आपल्या नणंदेचं बाळंतपण पहिल्यापासून सांगत होती आणि ते संपत नव्हतं. दार लावलेलं, शेगडीचा धूर कोंडलेला. कोंबडी कोपऱ्यात पाटीत अंड्यांवर बसली होती. खुडूक कोंबडी उठवू नये म्हणून तिला कुणी उठवलं नाही. दुपारी पोर झालं. निळं होतं. रडलं नाही. संध्याकाळी पाटीतली अंडी फुटली, अकराच्या अकरा. त्या दिवशी त्या खोलीत अकरा जीव जन्माला आले, सगळे कोंबडीचे.

त्याला दोन वर्षं झाली. आता चव्वेचाळीस सालचा कार्तिक लागला होता आणि अंजनाला आठवा महिना होता. वडूजकडं तिचा एक चुलता तेवढा होता, आई नव्हती. त्यामुळं बाळंतपण याही वेळी सासरीच. खोली तीच होती आणि कोंबडीही तीच.

नवरा लालासाहेब पलटणीत, इटलीला. फाल्गुनात रजेवर आला होता, जाताना लाल साबणाची एक वडी देऊन गेला. "आमच्याकडं डागदर आदी हात धुतो, मग बोलतो," म्हणाला. वडी अंजनानं फडक्यात बांधून उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवली. अधूनमधून ती काढून हुंगायची आणि परत ठेवायची.

अशात घरची म्हैस चंद्री व्यायला झाली.

सकाळी न्याहारीच्या वक्ताला तिनं कळा द्यायला सुरुवात केली आणि घटकाभरात निम्मी आळी गोठ्यापुढं जमली. म्हशीला सल्ला देणारी माणसं आपल्याकडं पुष्कळ. कुणी शेपूट धरलं, कुणी तेल आणलं. अंजनाचा सासरा नाथाजी म्हणाला, "उठवा तिला, उठवा." उठवली की बसायची, बसली की उठवायचे. गावची सुईण धोंडुबाई माणसांचीच बाळंतपणं करायची. पण रस्त्यानं चाललेली, ती वळलीच. हात धरणीएवढे जुने आणि तोंड त्याहून जुनं. "ये माजी बाय," ती बाळंतिणीला सांगायची तेच चंद्रीच्या कानाशी सांगत होती, "दम धर. तुज्या आईच्या टायमाला बी मीच हुते, तिनं असंच केलं हुतं, तवा पाऊस लय झाला हुता, कृष्णेचं पानी पार..." म्हशीनं कान फिरवला.

अंजना जात्याच्या तुटक्या तळीवर पोट सांभाळून बसली होती आणि बघत होती. लोकांना वाटलं, म्हशीकडं बघतीय. ती माणसांकडं बघत होती.

चंद्रीच्या तोंडाशी सुलाबाई उभी होती. सुलाबाई शेजारची, वीस वर्षांची असताना विधवा झालेली, पोटी पोर नाही, गुऱ्हाळावर चिपाडं वाहायची. तिनं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला होता आणि म्हैस श्वास घेईल तसा ती घेत होती. ते तिलाही ठाऊक नसावं.

तात्याबा धनगराची मेंढरं त्या हंगामात नाथाजीच्या रानात बसवली होती. तो लिंबाखाली घोंगडं टाकून बसला होता.

"तात्याबा, तू का बसलाईस?" कुणीतरी विचारलं.

"ती उठंना, मग मी उटून काय करू?"

"हजार मेंढरं व्याली तुज्या हातात. सांग की काय तरी."

तात्याबानं विचार केला. "बसू द्या तिला," तो म्हणाला. "घाई तुमाला हाय, तिला न्हाई. आनि आलं की नाळ तोडायची गडबड करू नगा."

तेवढ्यात धोंडुबाई चंद्रीच्या मागं गेली आणि तिनं तंबाखूचा बार भरला. बार दाढेत बसेपर्यंत तिला बोलता येईना, आणि नेमकं तेवढ्याच वेळात तिच्या हातांनी काय केलं कुणास ठाऊक. रेडकू पाण्याच्या लोटासारखं बाहेर आलं. चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. गोठ्यापुढची सगळी माणसं एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत रेडकानं उठायचा पहिला प्रयत्न केला, पडलं, आणि दुसरा केला.

अंजना तळीवरून उठली आणि थेट सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मामंजी, मला चार सुपाऱ्या पायजेत."

नाथाजी हा त्या भागातला नावाजलेला गुळव्या. पाक कधी झाला हे बाकीचे गुळवे थेंब पाण्यात टाकून बघतात, नाथाजी काहिलीशेजारी डोळे मिटून बसायचा आणि पाकाच्या आवाजावरनं सांगायचा, "उतरवा." तीस वर्षांत त्याची एक काहील करपली नव्हती. गुऱ्हाळ लागायच्या आधी तो आपल्या माणसांना सुपारी द्यायचा, एक स्वतःही घ्यायचा, आणि त्या सुपारीचा एकच नेम होता: घेतली की काहील उतरेपर्यंत माणसानं जागा सोडायची नाही. घर पेटलं तरी.

"कुनाला द्याच्यात?" त्यानं विचारलं.

"माज्या कामाला मानसं धरायची हायेत."

नाथाजीनं सुनेच्या पोटाकडं बघितलं, मग आभाळाकडं. कनवटीची पिशवी सोडून चार सुपाऱ्या काढल्या आणि निवडून दिल्या, बिनकिडक्या.

पहिली तिनं सुलाबाईला दिली. सुलाबाईनं हात मागं घेतला. "मला न्हवं गं," ती हळूच म्हणाली. "मी असली. मला बारशाला बी कोन म्होरं बसवत न्हाई."

"तुमी माज्या पाठीशी बसायचं. श्वास घ्यायचा. बाकी काय न्हाई."

दुसरी धोंडुबाईला. "ही खायची न्हाई. दाढंत धरायची. माजी सुटका हुस्तवर बाहेर काढायची न्हाई."

"आनि बोलायचं कसं?"

"तेच की."

धोंडुबाईच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तिनं चाळीस वर्षांत चारशे बाळंतपणं केली होती आणि एकही गप्प बसून केलं नव्हतं. पण सुपारी होती गुळव्याच्या पिशवीतली. तिनं ती घेतली, दाढेत धरून बघितली, गाल फुगला.

तिसरी तात्याबाला. "तुमी परड्यात बसायचं. झरोक्याखाली."

"आनि?"

"बसायचं. चंद्रीच्या टायमाला बसला हुता तसं."

"मेंढरं खतासाठी बसवत्यात," तात्याबा म्हणाला. "मला कशासाठी बसवतीस?" पण सुपारी त्यानं कपाळाला लावून घोंगड्याच्या टोकाला बांधली.

एवढा वेळ सासू बनुबाई गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. चारातल्या तीन गेल्या होत्या. ती आवाजाची बाई होती. तिनं आळीच्या एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाची कुत्री उठायची. आता तिनं हात तेवढा पदराला पुसला.

"आत्याबाई, ही तुमाला," अंजना म्हणाली. "तुमी दाराशी बसायचं. कुनाला आत येऊ द्यायचं न्हाई."

"दाराच्या आत का भाईर?"

"भाईर."

बनुबाईचा चेहरा उतरला. गोठ्यापुढं चाळीस माणसं होती, चंद्रीला आणि रेडकाला सोडून. "माज्या घरात," ती म्हणाली, "माज्या नातवाच्या टायमाला, ही पांढऱ्या कपाळाची आत आनि मी उंबऱ्याभाईर."

सुलाबाईनं पदर पुढं ओढला. अंजनाचा हात सुपारी धरून तसाच पुढं राहिला. शेवटी बनुबाईनं ती घेतली, पण अशी, की जणू कुणी तिच्या हातावर निखारा ठेवला.

दोन दिवस ती जेवली नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवली नाही. तिसऱ्या दिवशी खोली सारवायची होती. अंजनाला वाकता येईना, म्हणून बनुबाई सारवत होती आणि अंजना भिंतीला टेकून शेणाचा काला पुढं सरकवत होती. जुनी शेगडी बाहेर काढली. झरोका चिंध्यांनी बुजवला होता तो मोकळा केला. आढ्याला धरायचा दोर बांधला, आणि बनुबाईनं त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. धोतराची जुनी पानं उकळून उन्हात टाकली. विळा दगडावर घासला. साबणाची वडी मडक्यातनं खाली आली.

"कोंबडी उचलू का?" बनुबाईनं विचारलं. दोन दिवसांतला पहिला शब्द.

कोंबडी पुन्हा खुडूक होऊन त्याच पाटीत बसली होती.

"ऱ्हाऊ द्या," अंजना म्हणाली. "त्या टायमाला ती एकटीच गप हुती."

बनुबाईचा हात जमिनीवर फिरायचा थांबला. मग पुन्हा फिरू लागला, त्याच जागेवरनं, तीनतीनदा.

"त्या बाया मी बलावल्या हुत्या," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "तुज्यासाठी न्हवं. मला भ्या वाटत हुतं. म्हनलं, मानसं असली म्हंजी काय व्हत न्हाई."

"मला ठावं हाय."

"मग मला भाईर का बसवतीस?"

"तुमाला वलांडून कोन यील?" अंजना म्हणाली. "आनि दाराशी असला म्हंजी तुमचा आवाज मला आत ऐकू येतो."

बनुबाईनं नाक शेणाच्या हातानं पुसलं. मग उठली, कोपऱ्यातलं मुसळ आणलं आणि दारापाशी उभं करून त्याची उंची बघितली.

मार्गशीर्षात, बाजाराच्या आदल्या दिवशी, उन्हं अंगणात आली तेव्हा अंजनाच्या कळा सुरू झाल्या. त्या दिवशी घरच्या उसाचं गुऱ्हाळ होतं. ओढ्यापलीकडं धूर निघाला होता आणि नाथाजी पहाटेच गेलेला. सुलाबाई चिपाडाचा भारा वाटेत टाकून आली. तात्याबा झरोक्याखाली येऊन बसला, आणि त्याच्यामागं त्याची मेंढरंही आली, कारण त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. धोंडुबाईनं लाल साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, त्यांचा वास घेतला, त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिनं सुपारी दाढेत धरली आणि आत गेली.

मग बाया येऊ लागल्या.

पहिली पाटलीणबाई. "बनू, पोरीला बघून जाते गं."

"भाईरनं बघ," बनुबाई म्हणाली. मुसळ दारात आडवं होतं.

दुसरी बनुबाईची सख्खी बहीण अंबूबाई, डाळिंबाच्या सालीचा काढा घेऊन. "मला बी? आगं, मी तुजी भन."

"म्हनून त सांगतीया. दुसऱ्या कुनाला मुसळ घातलं असतं."

दुपारपर्यंत अंगणात चौदा बाया जमल्या. जायचं कुणीच मनावर घेईना, म्हणून सगळ्या बसल्या. कुजबुज सुरू झाली की बनुबाई मुसळ जमिनीवर एकदा आपटायची. आत आवाज पोचायचा आणि अंजनाला बरं वाटायचं.

आत काय होतं, तर फार थोडं होतं. अंजना दोराला धरून उकिडवी बसलेली. मागं सुलाबाई, तिच्या पाठीला छाती लावून, श्वास घेत. पुढं धोंडुबाई, एक गाल फुगलेला, दाढदुखीच्या माणसासारखी. ती डोळ्यांनी सांगायची, हातानं थोपवायची, बोटं उघडून म्हणायची, आता. चाळीस वर्षांत त्या हातांचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं, मधे तोंड असायचं. झरोक्यातनं उन्हाचा एक पट्टा येऊन जमिनीवर पडला होता आणि तो हळूहळू सरकत होता. मेंढरांचं रवंथ ऐकू येत होतं. कोंबडी डोळे अर्धे मिटून बसली होती.

पट्टा भिंतीपर्यंत गेला तरी सुटका होईना.

"तात्याबा," अंजनानं झरोक्याकडं तोंड करून विचारलं, "लय येळ लागला का वं?"

बाहेर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "म्या कुटं मोजतोय?"

अंजना हसली. कळेत हसू येतं हे तिला माहीत नव्हतं. हसता हसता काहीतरी खाली सरकलं. धोंडुबाईनं झटकन दोन्ही हात पुढं केले आणि भुवया वर केल्या. आणि अंजना एकदम भ्याली. दोन वर्षांपूर्वी इथपर्यंतच सगळं ठीक होतं.

"आत्याबाई," ती ओरडली. "आत या."

दाराशी बनुबाई उठली आणि तशीच उभी राहिली. "मला दाराची सुपारी हाय," ती म्हणाली.

"दुसऱ्याला द्या नि या."

बनुबाईनं अंगणात बघितलं. चौदा बायांनी चौदा हात पुढं केले. त्यांच्यामागं नाथाजी उभा होता. दोन काहिलींच्या मधे भाकरी खायला म्हणून घटकाभर आलेला, पायताणंसुद्धा काढलेली नाहीत. बनुबाईनं पदराची गाठ दातानं सोडली, सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली, मुसळ त्याच्या दुसऱ्या हातात दिलं आणि आत गेली.

नाथाजी हातातल्या सुपारीकडं बघत राहिला. मग उंबऱ्याशी बसला. तीस वर्षांत गुऱ्हाळाच्या दिवसांत तो घरी असा बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं ओढ्याकडनं त्याचा जळव्या अर्जुना जागा सोडून पळत आला. चुलाणात चिपाडं घालणारा गडी, अंगभर काजळी. "मालक, चला. पाक वर आलाय."

"अर्जुना, मला दाराची सुपारी हाय."

"आनि गुऱ्हाळाची?"

"ती बी हाय," नाथाजी म्हणाला. एका माणसाकडं दोन सुपाऱ्या असल्या तर काय करायचं, याचा नेम त्यानं घालून ठेवला नव्हता. "तू उतरव."

"मला कळत न्हाई वं कवा ते."

"मलाबी इथनं ऐकू येत न्हाई," नाथाजी म्हणाला आणि दाराला कान लावला.

आत पोर आलं होतं. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. धोंडुबाईनं बोट घालून एक काढला, दुसरा काढला, पोर मांडीवर घेतलं. निळं होतं. रडेना.

बनुबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. सुलाबाईचा श्वास थांबला, मग तिनं तो मुद्दाम चालू केला, मोठ्यानं, एकटीनं, जणू पोराला दाखवतीय की हे असं करायचं. अंजना कुणाकडं बघत नव्हती. ती कोपऱ्यातल्या कोंबडीकडं बघत होती.

खोलीत आवाज नाही. बाहेर अंगणात चौदा बाया, त्यांचाही नाही. मेंढरांनी रवंथ थांबवला असं तात्याबा पुढं सांगायचा, पण तो एवढंच सांगायचा.

धोंडुबाईनं सुपारी थुंकली. सहा तासांनी. ती घरंगळत पाटीपाशी गेली. आता ती बोलणार असं बनुबाईला वाटलं. चाळीस वर्षांचं सगळं बोलणं एकदम बाहेर येणार असं वाटलं. धोंडुबाईनं करंगळीनं पोराचं तोंड पुसलं, त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं, चोखलं, बाजूला थुंकलं. मग फुंकर घातली. राखेतली ठिणगी फुंकतात तशी, ठिणगी जागी व्हावी आणि राख उडू नये, एवढीच. थांबली. पुन्हा घातली. नाळ तशीच होती, तिच्यात ठोका होता. बनुबाईनं पोराचे तळवे हातात घेतले आणि चोळू लागली. सारवून सारवून खरखरीत झालेले हात.

तिसऱ्या फुंकरीला पोर शिंकलं.

एवढंसं शिंकलं. मग त्यानं तोंड वाकडं केलं, जणू लाल साबणाचा वास त्याला पसंत नव्हता, आणि पायाच्या टोकापासून ते लाल होत गेलं, दिवस उगवतो तसं, खालून वर. आणि मग रडलं.

दाराबाहेर नाथाजीनं डोळे मिटले. आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. "झालं," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. "उतरवा."

आत सगळ्या धोंडुबाईच्या तोंडाकडं बघत होत्या. आता तिला मोकळीक होती.

"पोरगी हाय," धोंडुबाई म्हणाली. एवढं बोलून ती जमिनीवर हात फिरवत आपली सुपारी शोधू लागली. ती सापडली नाही. कोंबडीनं ती पाटीत ओढून घेतली होती, आणि तिच्यावर बसली होती.

संध्याकाळी अर्जुना गूळ घेऊन आला. त्याची मान खाली होती. पाक उतरवायला उशीर झाला होता. ढेप काळी पडली होती, गुळाला कडवट वास होता. तीस वर्षांतली पहिली करपलेली काहील. नाथाजी अजून उंबऱ्याशीच मुसळ धरून बसला होता, कारण उठायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं बोटानं खडा तोडला, जिभेवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"वाटा," तो म्हणाला.

"ह्यो?" बनुबाई दारात आली होती. "मागल्या काहिलीचा चांगला हाय की, डब्यात."

"ह्योच. तिच्या टायमाचा ह्योच हाय."

बनुबाईनं सुपात गूळ फोडला आणि स्वतः अंगणात फिरली. पहिला खडा तिनं चौदा जणींच्या आधी दाराकडं नेला आणि दाराआडच्या सुलाबाईच्या हातावर ठेवला. मग पाटलीणबाईला, मग अंबूबाईला, मग एकेक. उन्हं गेली होती, ओढ्यापलीकडं चुलाण अजून धुमसत होतं, आणि आत पोरगी रडायची थांबून काहीतरी चोखत असल्याचा बारीक आवाज येत होता. बायांनी गूळ तोंडात टाकला. कडू होता, दाताला चिकटत होता.

चौदाही जणींनी तो शेवटपर्यंत खाल्ला. मत एकीचंही पडलं नाही.